मिंधेपणाचे पुराण

मी ज्या वसतिगृहात शाळेची सहा वर्षे काढली त्याच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली, तेव्हा माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडे मजकूर मागितला होता. मी दोन पाने लिहून दिली. पहाटेची थंड पाण्याची आंघोळ, पत्र्याच्या पेटीचे कुलूप, रविवारी भेटायला येणारे पालक, ज्यांचे कोणीच येत नसे ती मुले, आणि डाळ. डाळीत अळ्या निघत. आम्ही त्या ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवत असू आणि कोणाच्या ताटात किती निघतात यावर पैज लागे. स्मरणिका हाती आली तेव्हा आंघोळ होती, पेटी होती, डाळ मात्र गेली होती. तिच्या जागी मी न लिहिलेले एक वाक्य होते, संस्थेने आम्हाला घडवले असे काहीसे. संपादक आमच्यातलाच, माझ्यापुढे दोन वर्षे. त्याला विचारले तर म्हणाला, ‘अरे, फुकट जेवलो आपण. आता डाळीचं काय काढतोस?’

तेव्हा मला राग आला होता. पुढे वसतिगृहांविषयीची मराठी पुस्तके वाचत गेलो तसे वाटू लागले, की या लेखनाची सगळी गोम त्याच्या त्या प्रश्नात आहे. जेवू घालणाऱ्याविषयी लिहायचे कसे? त्याने प्रेमाने घातले असेल, कष्टाने घातले असेल, आणि तरी डाळीत अळ्या असतील, तर?

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, मिंधा. दुसऱ्या भाषेत नेताना तो अडतो. ऋणी माणूस मान वर करून उभा राहू शकतो, कृतज्ञ माणूस तर हसतमुखही असू शकतो. मिंध्याला बोलायचे असते तेव्हा त्याला आधी आपण खाल्लेला घास आठवतो. इंग्रजीतली प्रसिद्ध बोर्डिंगकथा या शब्दावाचून चालते, कारण ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’मधला (1857) मुलगा बापाची फी भरून रग्बीला गेलेला आहे. मराठी बोर्डिंगचे नाते लागते ते ‘जेन एअर’मधल्या (1847) लोवुडशी. धर्मादाय शाळा, करपलेली लापशी आणि वर उपकारांची उजळणी. आपल्याकडे ‘बोर्डिंग’ म्हटल्यावर जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे घोडे आणि क्रिकेटची मैदाने येत नाहीत. गरिबाच्या पोराची जेवणाची सोय येते.

या दृष्टीने मला जे पुस्तक सर्वांत आधी वाचावेसे वाटते ते बोर्डिंगचे म्हणून कोणी वाचत नाही. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (1944). महर्षी कर्व्यांच्या पत्नीच्या आठवणी, असे त्याचे वर्णन करायची पद्धत आहे. कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’ला (1915) पूरक, घरातली बाजू दाखवणारे, गोड-तिखट. इंग्रजीतही ते ‘द न्यू ब्राह्मन्स’ (1963) या दिनकर कर्वे यांनी संपादित केलेल्या संग्रहातून गेले, म्हणजे पाच महाराष्ट्रीय कुटुंबांपैकी एका कुटुंबाचा भाग म्हणून. हे वाचन चुकीचे नाही, पण त्यात एक गोष्ट मागे राहते. आनंदीबाई कोणाची पत्नी होण्याआधी विद्यार्थिनी होत्या. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच, तेव्हाची गोदूबाई. वयाची दहा वर्षे भरण्याआधी लग्न आणि वैधव्य दोन्ही होऊन गेलेले. मग सासरी राबण्यात गेलेली वर्षे. भाऊ नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे स्नेही. त्यांच्यामुळे ती मुंबईला आली आणि विशी उलटल्यावर अक्षरे गिरवायला बसली. ‘माझे पुराण’ हे निवासी शाळेत शिकलेल्या मुलीने स्वतः सांगितलेल्या मराठीतल्या अगदी आरंभीच्या हकिकतींपैकी एक आहे, आणि ती सांगायला तिला जवळपास पंचावन्न वर्षे लागली.

पुस्तकाचे नावच बघा. ‘पुराण लावणे’ म्हणजे नको तितके लांबण लावणे; म्हातारीने आपल्या बडबडीला स्वतःच दिलेले हे नाव, पुढे कोणी हसण्याआधी. पण पुराण ही विधवेने देवळाच्या कोपऱ्यात बसून ऐकायची गोष्ट होती. सांगणारा पुराणिक, ऐकणाऱ्या आलवणातल्या बायका. आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवले यांनी, आपल्या आत्मचरित्राला ‘माझी कहाणी’ (1928) म्हटले. कहाणी म्हणजे व्रताच्या दिवशी तांदूळ हातात धरून ऐकायची. कर्व्यांना ‘आत्मवृत्त’ हा संस्कृत, सरळ उभा शब्द सहज मिळाला. या दोन बहिणींनी ज्या जागी बसून आयुष्यभर ऐकले त्याच जागेचे नाव घेऊन बोलायला सुरुवात केली. त्यांनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही. पण बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या माणसाचा आवाज असाच असतो, आधी स्वतःची थट्टा, मग मुद्दा.

शारदा सदनातल्या वर्षांना पुस्तकात मिळालेली जागा मला अपुरी वाटते. कोणत्या वेळी उठत, कोण शेजारी निजे, एवढ्या मोठ्या वयाच्या बाईला लहान मुलींबरोबर धडा म्हणताना काय होई, हे तपशील अजून हवे होते. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. सदन चालायचे ते बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. म्हणजे कोकणातली ही बाई हजारो मैलांवरच्या अनोळखी बायकांच्या वर्गणीवर जेवत होती, आणि जिच्या हातून ते अन्न येत होते ती रमाबाई ख्रिस्ती झालेली होती. सदनात जातीचे आचार पाळायची मोकळीक होती, धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींना वाटे त्या तिथे जाऊन बसत. 1890 मध्ये सदन पुण्यात आले. 1893 च्या ऑगस्टमध्ये याच उघड्या दारावरून वादळ उठले, ‘केसरी’ने ते पेटते ठेवले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

गोदूबाई त्याआधीच सदनाबाहेर पडली होती. 11 मार्च 1893 ला, सदनाच्या उद्घाटनाच्याच तारखेला, तिचे कर्व्यांशी लग्न झाले. पुढे पुण्याच्या सभ्य समाजात रमाबाईंचे नाव घेणे अवघड झाले, आणि हिच्या घरावर तर पुनर्विवाहामुळे मुरूडकरांनी बहिष्कारच घातलेला. आपण त्या गावचे नाही असे दाखवणे तिला सोयीचे गेले असते. तिने तसे केले नाही. रमाबाईंचे तिच्यावरचे ऋण ती लपवत नाही, आणि त्यासाठी तिला रमाबाईंच्या धर्माची वकिलीही करावी लागत नाही. खाल्ल्या अन्नाला जागणे म्हणजे नेमके काय, याचा हा एक नमुना आहे आणि त्यात मिंधेपण नाही.

मिंधेपणाची खरी कसोटी दुसऱ्या बोर्डिंगपाशी लागते, जिथे आनंदीबाई विद्यार्थिनी नव्हत्या. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या माळरानावर झोपडी उभी राहिली, आणि फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक कामाचा दिवस संपवून रोज पायी तिथे जात. ही कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तिच्या कडेची एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. आश्रमाला समाजाचा पैसा आणि मुली मिळायच्या असतील तर त्याचा पुनर्विवाहाशी संबंध दिसता कामा नये, असे कर्व्यांनी ठरवले होते. त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केले होते, आणि तेच लग्न आता आश्रमाच्या आड येत होते. परिणाम असा, की विधवांसाठी निघालेल्या बोर्डिंगात संस्थापकाच्या पत्नीला राहायला, कारभारात उतरायला जागा नव्हती. तिची इच्छा होती, अनुभव होता; निवासी शाळेत राहणे म्हणजे काय हे त्या घरात तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. तरी ती पुण्यात मुलांना सांभाळत राहिली, आणि नवऱ्याची शिल्लक, अगदी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा, हिंगण्याला जात राहिली.

‘माझे पुराण’ हे वाङ्मय म्हणून टिकते ते इथे. आनंदीबाई चिडतात आणि ते सांगतात. नवऱ्याच्या कामाचा अभिमान आणि घरात दाणा नसल्याची चीड एकाच श्वासात येते, आणि दुसरी भावना पहिलीला खोटी पाडत नाही. संस्थेविषयीच्या मराठी गद्यात हे फार दुर्मीळ आहे. आपल्याकडे संस्थेविषयी दोनच प्रकारे लिहितात, गौरवग्रंथ किंवा आरोपपत्र.

पार्वतीबाईंचे पुस्तक शेजारी ठेवले की हे अधिक कळते. त्या विधवाच राहिल्या, म्हणून त्यांना आश्रमाचे दार उघडे होते. तिथे शिकल्या, तिथेच अधीक्षक झाल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. केशवपन त्यांनी 1912 मध्ये सोडले. 1918 मध्ये इंग्रजी शिकायला अमेरिकेत गेल्या, तिथे परक्या घरांत मोलकरणीचे काम करून राहिल्या, आणि परत येऊन म्हणाल्या की बायकांना इंग्रजीची सक्ती नको. बाई स्वतंत्र बुद्धीची, यात शंका नाही. पण ‘माझी कहाणी’त आश्रमाविषयी बोलताना त्यांचा सूर एकदम सरळ होतो, उजळणी केल्यासारखा. ज्या घराने तिला नवा जन्म दिला त्याची ती आता कारभारीण आहे, आणि कारभारणीला डाळीतली अळी दिसली तरी ती पाहुण्यांसमोर बोलत नाही. माझा स्मरणिकेचा संपादक पार्वतीबाईंच्या घराण्यातला. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. तशा माणसांवाचून संस्था चालत नाहीत. पुस्तके मात्र बहुधा दारात थांबवलेल्या बहिणीकडून येतात.

याच काळात कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराज जातवार वसतिगृहे उभारत होते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. जातवार का, असा प्रश्न आज विचारणे सोपे आहे. तेव्हा दुसऱ्या जातीच्या पंगतीला मुलाला कोणी पाठवलेच नसते, आणि हिंगण्याच्या आश्रमातही बहुतांश मुली ब्राह्मण होत्या ते याचसाठी. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायचे नाकारले आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग काढले त्यात सगळ्या जातींची चूल एक होती. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

भाऊरावांना मिंधेपण समजले होते असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण त्यांनी ‘कमवा आणि शिका’ काढले. मुलाने खणावे, पाणी भरावे, शेतात राबावे आणि मग जेवावे. म्हणजे तो कोणाचा मिंधा नाही. पण साताऱ्याच्याच इतिहासात दुसरी गोष्टही आहे. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. धारवाडच्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाबाई आंबेडकरांनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, असे बळवंतराव वराळे यांच्या त्या वसतिगृहाविषयी सांगितले जाते. दोन्ही कथा पुन्हा पुन्हा सांगाव्यात अशाच आहेत. पण ज्या मुलाने ती भाकरी खाल्ली त्याच्या जागी बसून बघा. खणून फेडता येईल असे ते ऋण नाही. मंगळसूत्र विकून आणलेल्या ज्वारीत खडा लागला तर तो थुंकायचा कुठे?

साने गुरुजींनी यावर एक उत्तर काढले. औंधला हाताने स्वयंपाक करून, अर्धपोटी राहून शिकलेला हा मुलगा 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, तिथल्या छात्रालयाची जबाबदारी घेतली आणि मुलांच्या खोल्या झाडू लागला, अंथरुणे आवरू लागला, कपडे धुऊ लागला. मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढले. स्वतःवरचे ऋण त्यांनी पुढच्या पिढीच्या मोरीत फेडले. गंमत अशी, की आईविषयीचे मराठीतले सर्वांत वाचले गेलेले पुस्तक, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’, घरात सांगितले जात नाही. आश्रमात, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, घर सोडून आलेल्या सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्री ते सांगतो. आई ही तिथे वसतिगृहातून दिसणारी गोष्ट आहे, आणि अंतरामुळे ती इतकी निर्मळ दिसते. गुरुजींच्या लेखनात तक्रार विरघळून जाते. काही वाचकांना ते मोठेपण वाटते. मला, खरे सांगायचे तर, त्या विरघळण्यात काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

‘कोसला’त (1963) प्रश्न उलटा होतो. पांडुरंग सांगवीकर कोणाच्या दानावर जगत नाही, बापाच्या पैशावर जगतो. पुण्याच्या होस्टेलमधली त्याची उधळमाधळ, उधाऱ्या आणि हिशेब आपण हसत वाचतो. पण शेतकरी बाप पैसे पाठवतो आहे ही जाणीव त्याला एक क्षण सोडत नाही, आणि बापाविषयीचा त्याचा आकस त्यातूनच वाढतो. हेही मिंधेपणच, फक्त घरचे.

त्यानंतर 1978 ते 1990 या काळात दलित आणि भटक्या समाजांतल्या लेखकांची आत्मकथने आली. ‘बलुतं’ आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ ही आरंभीची. वसतिगृह या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येते. समीक्षेने त्यांना जातीच्या अनुभवाची पुस्तके म्हणून वाचले आणि ते योग्यच होते. पण त्यामुळे त्यांचे आनंदीबाईंशी असलेले नाते दिसेनासे झाले. देवरुखच्या ब्राह्मण विधवेचा आणि मराठवाड्यातल्या पोरक्या महार मुलाचा अनुभव एक आहे असे मी म्हणत नाही; एकीला निदान पंगत मिळाली होती, दुसऱ्याला पाणीही वरून ओतलेले. नाते आहे ते लिहिण्याच्या अडचणीत. दोघांनीही दिलेले अन्न खाल्ले, दोघांकडूनही ते खाऊन गप्प बसण्याची अपेक्षा होती, आणि दोघांनीही कृतज्ञता न नाकारता तोंड उघडले. सोनकांबळ्यांच्या पुस्तकात मदत करणाऱ्या माणसांची आठवण जितकी हळुवार आहे तितकीच भूक उघडी आहे. एकीने दुसरीला झाकलेले नाही.

हिंदीच्या वाचकांना इथे वनस्थळी आठवेल. जयपूरजवळची ही मुलींची निवासी संस्था हिरालाल आणि रतन शास्त्री यांनी 1935 मध्ये, आपली लहान मुलगी शांताबाई गेल्यानंतर, सुरू केली. संस्थेची जन्मकथा आईबापांच्या शोकाची आहे. अशा जन्मकथेच्या छायेत वाढलेल्या मुलीने वसतिगृहातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारविषयी लिहायचे म्हटले, तर तिला काय अडथळे येतील, हे हिंदीतल्या कोणीतरी लिहायला हवे.

आनंदीबाईंच्या घरातच पुढे एक बोर्डिंगची मुलगी सून म्हणून आली, इरावती कर्वे. ब्रह्मदेशात जन्मलेली, नावसुद्धा तिथल्या नदीचे. सातव्या वर्षी तिला पुण्याच्या हुजूरपागेत निवासी विद्यार्थिनी म्हणून ठेवले. तिथे शकुंतला परांजपे तिची मैत्रीण झाली आणि परांजप्यांच्या घराने तिला आपली मुलगी मानले. फी भरून, आईबापांनी आपणहून पाठवलेली मुलगी. सासू विशीत अक्षरे शिकली त्यानंतर तीस वर्षेही उलटली नव्हती. इरावतीबाईंच्या गद्यात आढळणारी ती बेदरकार मोकळीक कुठून आली याची कारणे अनेक आहेत. जेवणाचे उपकार डोक्यावर नसणे हेही त्यांत धरावे.

यंदा आमच्या वसतिगृहाचा हीरकमहोत्सव आहे. पुन्हा पत्र आले आहे, त्याच संपादकाचे, शब्दमर्यादा तीनशे. मी डाळीचा परिच्छेद तसाच पाठवला आहे आणि त्याच्याखाली आमच्या आचाऱ्याविषयी चार ओळी वाढवल्या आहेत, जो अळ्या काढता काढता चष्मा नसल्याबद्दल आमची माफी मागत असे.